बुडालेल्या गावावर एक रात्र

तुषार ओरडेपर्यंत सर्जेकाकांनी होडीच्या ड्रमवर नारळ आपटला होता. नारळ तसाच राहिला, उन्हानं कडक झालेला प्लॅस्टिकचा ड्रम मात्र खाडकन तडकला.

"दगडावर फोडायला काय झालं होतं?"

"नव्या होडीचा नारळ होडीवरच फोडतात, लेका!"

"मग घ्या, फुटली होडी!"

वर्षभर राबून तुषारनं ड्रमांवर फळ्या ठोकल्या होत्या, वर पत्र्याची खोली उभारली होती. धरणात बुडालेल्या गावावर त्याच्या वडिलांना, आबांना, एकदा तरी झोपायचं होतं. पुढच्या आठवड्यात त्यांचं हृदयाचं ऑपरेशन होतं.

आबा तर आधीच आत जाऊन बसले होते.

"उतरा आबा, कलंडेल ही."

"गाव बुडवलं तेव्हाही सगळे ऊठ म्हणाले. गपगुमान उठलो," आबा गरजले. "आज नाही उठत. ढकल!"

तुषार पाण्यात उतरला. "काका, बघताय काय? फुटक्या बाजूला खांदा लावा!"