गेट अप, गेट ऑन

"गेट अप!" सून कडाडली आणि आजी टुणकन उभ्या राहिल्या. गुडघे कुरकुरले, पण चेहरा खुलला होता.

"गेट ऑन!" आजी पलंगावर चढल्या. "गेट ऑफ!" उतरल्या. "गेट इन!" हौसेने न्हाणीघरात शिरल्या. एवढ्याशा 'गेट'ला इतकी शेपटं कशाला, हे काही त्यांना उमगत नव्हतं. पण सगळं करून घेत शिकवायची शक्कल सुनेचीच, आणि ती लागू पडली होती. आजींनी जन्मभर शिवणयंत्र चालवलेलं. एकदा हातापायांना कळलं की त्या विसरत नसत.

एरवी दोन शब्द धड न बोलणारी सून हल्ली ऑफिसातून आली की पर्स ठेवायच्या आत शिकवणी सुरू करायची. आजींना भरून यायचं. इथेच परदेशात जन्मलेल्या नातीला इंग्रजीवाचून दुसरी भाषा येत नव्हती. दोघी एका टेबलावर जेवायच्या आणि एकमेकींकडे बघून नुसत्या हसायच्या. परवा सकाळी आजींनी धीर करून तिच्या कानाशी "गेट अप" म्हटलं, तर पोर खुदकन हसली आणि गळ्यातच पडली. तो अख्खा दिवस आजींचे पाय जमिनीवर नव्हते.

"अगं, आणि परत यायचं असेल तर काय म्हणायचं?" त्यांनी सुनेला विचारलं.

"ते राहू द्या, आई. आहेत तेवढे आधी पक्के करा."

रविवारी मुलाने गाडी काढली. "आई, एका बाईंना तुझं इंग्रजी ऐकवायचंय." आजींनी ठेवणीतले कपडे घातले. नात मैत्रिणीकडे गेली होती, तेवढी एक रुखरुख लागली.

इमारत चकचकीत होती. फिनेलचा वास येत होता. लांब बोळात म्हातारी माणसं ओळीने खुर्च्यांवर बसली होती आणि कुणी कुणाशी बोलत नव्हतं. पांढऱ्या कोटातल्या बाईंनी आजींना एका खोलीत नेलं आणि हुकूम सोडायला सुरुवात केली. गेट ऑन. गेट ऑफ. गेट इन. आजी एकदाही चुकल्या नाहीत. बाई खूश होऊन सुनेशी काहीतरी बोलल्या.

"काय म्हणाल्या गं?"

"पास झालात. इंग्रजीत सांगितलेलं ज्यांना कळत नाही, त्यांना इथे ठेवून घेत नाहीत."

आजी लाजून हसल्या. मग त्यांचं लक्ष दाराकडे गेलं. मुलगा एक बॅग आत आणत होता. बॅग त्यांचीच होती, पण त्यांनी भरलेली नव्हती.

त्यांनी पलंगाचा कठडा घट्ट धरला.

"अगं, तो परत यायचा शब्द तेवढा सांग ना."

सुनेने मुलाकडे पाहिलं. मुलाने बॅग भिंतीला नीट टेकवून ठेवली.

"तो इथे लागत नाही, आई," तो म्हणाला.