आडोशातला खोकला

"घड्याळ चमकतंय तुमचं," सासरेबुवा कुजबुजले आणि काळ्या चिकटपट्टीचा एक तुकडा तोडून त्यांनी तो जावयाच्या मनगटावर, थेट तबकडीवर चिकटवला. थर्मासच्या झाकणावर एक तुकडा आधीच बसला होता, जॅकेटच्या चेनवर दुसरा. जावयाच्या दातांवर चिकटला असता तर तिथेही लावायला त्यांनी कमी केलं नसतं.

तळ्याकाठच्या लव्हाळ्यात उभ्या केलेल्या त्या कापडी आडोशात दोघं जेमतेम मावत होते. उजाडायला अजून अवकाश होता. पाणी नुसतं राखाडी दिसत होतं. नळ-तोट्यांच्या दुकानात काउंटरमागे उभा राहणारा हा प्राणी आपल्या मुलीला कसा पसंत पडला, हे कोडं सासरेबुवांना सहा वर्षांत सुटलेलं नव्हतं. आज तो शेजारी बसला होता तोही तिच्याच हट्टामुळे. गेल्या आठवड्यात इथल्या चिखलात त्यांचा पाय घसरला होता आणि सोबत कोणी असल्याशिवाय गाडीची किल्ली मिळणार नाही, असं तिने सांगून टाकलं होतं.

त्यांच्या पक्ष्यांच्या फोटोंच्या पुस्तकाचं सगळं झालं होतं. चाळीस वर्षांचं काम. एकच पान कोरं होतं: शेंडीवाल्या टिबुकल्या, म्हणजे बुडी मारणाऱ्या पाणपक्ष्यांच्या जोडीचा नाच. नर-मादी समोरासमोर येतात, बुडी मारून चोचीत शेवाळ घेऊन वर येतात आणि छातीला छाती लावून पाण्यावर ताठ उभी राहतात. पाच-सात सेकंद, आणि तेही असल्या अपुऱ्या उजेडात. एकदा जोडी घरट्याला लागली की नाच संपला. मग पुस्तक पुढच्या वर्षावर जाणार होतं, आणि पुढच्या वर्षी आपले हात इतके स्थिर असतील याची सासरेबुवांना खात्री नव्हती. हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं, जावयाला तर नाहीच नाही.

"बाबा," जावई हळूच म्हणाला, "या नव्या कॅमेऱ्याला पुढे एक छोटा दिवा आहे. अंधारात फोकस लागला नाही की आपोआप पेटतो. काल मी त्याची पुस्तिका वाचत होतो. तो बंद करायला..."

"जावईबापू, हा नळ नाहीये."

जावयाने कॅमेऱ्याकडे नेलेलं बोट मागे घेतलं.

"पुस्तिका वाचून फोटो येत असते तर तुमच्या दुकानातला हमालसुद्धा..." पुढचं बोलण्याचीही तसदी त्यांनी घेतली नाही. "हलू नका. खोकू नका. श्वाससुद्धा बेताने घ्या."

लव्हाळ्यापासून वीस पावलांवर पाणी हललं. नर आधी आला, शेंडी फुलवून. मग मादी. दोघांनी एकमेकांकडे पाहत माना हलवल्या, एकदम बुडी मारली आणि चोचीत शेवाळाचे झुबके घेऊन ती दोघं वर आली. छाती छातीला टेकली.

सासरेबुवांनी बटण अर्धं दाबलं. लेन्स पुढे-मागे घुटमळली. फोकस काही लागेना. मग कॅमेऱ्याने आपल्या अकलेने पुढचा दिवा पेटवला. समोरची पाती नारिंगी झाली आणि टिबुकल्या गडप. पाण्यावर शेवाळाचा एक झुबका तेवढा तरंगत राहिला.

तो उजेड दोघांनीही पाहिला होता.

"खोकलात ना?" सासरेबुवा म्हणाले.

जावयाने त्यांच्याकडे पाहिलं. म्हाताऱ्याचे हात कॅमेऱ्यावर थरथरत होते.

"हो बाबा. खोकलो."

सासरेबुवांनी खिशातून मोबाइल काढला. त्याचा पांढरा उजेड आडोसाभर पसरला, पण आता त्याची पर्वा कोणाला होती? "तुझ्या नवऱ्याने घाण केली," मुलीसाठी ते रेकॉर्ड करू लागले. "ऐन वेळेला खोकला. म्हणून सांगत होतो, याला पाठवू नकोस. घरात चार नळ आहेत, ते सांभाळायला सांग त्याला." आवाज हळू ठेवण्याचं काही कारण उरलं नव्हतं. निरोप पाठवून झाल्यावर त्यांना जरा बरं वाटलं.

जावई फटीतून बाहेर पाहत होता.

"आता काय बघताय?"

"नाचताहेत. पार पलीकडे."

सासरेबुवांनी लगबगीने कॅमेऱ्याला डोळा लावला. तळ्याच्या मधोमध दोन उभे ठिपके होते. तिथवर त्यांची लेन्स पोचणार नव्हती. ठिपके खाली बसले आणि हळूहळू पुन्हा लव्हाळ्याच्या दिशेने सरकू लागले.

जावयाने मनगटावरची काळी पट्टी नखाने सोलून काढली. वाकून ती सासऱ्यांच्या कॅमेऱ्याच्या दिव्यावर लावली आणि अंगठ्याने नीट दाबली.

"आता नाही यायचा खोकला, बाबा," तो म्हणाला.