टाळूचा वास

"सहा आठवडे बाळाच्या अंगाला नाक लावायचं नाही," नाकाच्या ऑपरेशननंतर घरी सोडताना सिस्टरने तिला बजावलं होतं. "आतून खरवडून काढलंय, ताई. तिथे राहणारे जुने जंतूही गेलेत. ते आपले घरचेच असतात, दुसऱ्याला टेकू देत नाहीत. आता रिकाम्या जागेत कोण ठाण मांडेल, सांगता यायचं नाही."

"म्हणजे नाकातही भाडेकरू!" असं म्हणून ती हसली होती.

आज ती लहान मुलांच्या वॉर्डाच्या काचेबाहेर उभी होती. तोंडावर मास्क, आत जायला मनाई. काचेपलीकडे तिची पाच महिन्यांची मुलगी. पायाला सलाईन, डोक्यावर पट्टी. टाळूपाशी साधी खपली निघाली होती. तिचा फोड झाला, आणि परवापासून ताप.

डॉक्टर दोन रिपोर्ट घेऊन बाहेर आले. "एकच जंतू आहे. तुमच्या नाकात आणि तिच्या फोडात."

"पण मला तर काहीच त्रास नाही."

"तुम्हाला नसेलच. ऑपरेशननंतर काही जणांच्या नाकात असे उपरे शिरतात. हळूहळू जुने परतले की यांना हुसकावतात. तोवर जपायचं. सांगितलं नव्हतं कुणी?"

बाकावरून सासूबाई बोलल्या.

"तीन वर्षं हिला कशाचाच वास येत नव्हता, डॉक्टर. दूध करपलं तरी पत्ता नसायचा. आणि वास यायला लागला तशी दिवसभर पोरीच्या डोक्यात नाक खुपसून." मग तिच्याकडे वळून, "झालं समाधान? घेतलास पोटभर?"

घेतला होता. जन्मापासून जिला अंगावर पाजलं, तिचा वास तिला ऑपरेशननंतर बाराव्या दिवशी पहिल्यांदा आला. ऊबदार, जरासा आंबूस. मग तिला राहवलंच नाही.

"ताप उतरेल ना?"

"दोन दिवस जाऊ देत. आत्ता काही सांगत नाही." डॉक्टरांनी पेन उघडलं. "ऑपरेशननंतर आणखी कुठलं लहान मूल जवळ घेतलं होतंत?"

सासूबाई तिच्याकडेच बघत होत्या.

"नाही," ती म्हणाली.

डॉक्टरांनी तसं लिहिलं आणि ते आत गेले.

तिच्या इमारतीत, खालच्या मजल्यावरच्या शिक्षिकेला मुलगा झालाय. गेल्या सोमवारी ती बघायला गेली, तेव्हा तो नऊ दिवसांचा होता. बेंबी अजून ओली होती. शिक्षिका चहा टाकायला आत गेली, तेवढ्यात तिने त्याला उचललं आणि सगळीकडे नाक फिरवलं. सगळ्या बाळांना सारखाच वास येतो का, एवढंच तिला बघायचं होतं.

सकाळपासून तिने दोनदा त्या घरी फोन लावला. रिंग जायच्या आत दोन्ही वेळा कट केला.

तुमच्यापैकी कुणी आमच्या इमारतीच्या जिन्याने जाणार असेल, तर माझ्या घराखाली, दुसऱ्या मजल्यावर डावीकडच्या दाराची बेल वाजवा. बाळाला ताप आहे का, दूध ओढतंय का, बेंबीभोवती लाल झालंय का, बघा. कुणी पाठवलं असं शिक्षिकेने विचारलं, तर माझं नाव सांगू नका.