ट्रीनाच्या नावाची नळी

आपोलोनिया मायझर निकाल ऐकायला आपणहून आली, याचंच डॉक्टरांच्या मदतनीस माथेसला नवल वाटलं. आमच्या खोऱ्यात साथीच्या रोगांच्या ठाण्याची पायरी कुणी आपल्या पायांनी चढत नसे. बोलावणं आलं तरी लोक चार सबबी सांगत. ही मात्र रविवारचा काळा झगा घालून, डोक्याला रुमाल घट्ट बांधून दारात उभी.

"पोरीच्या रक्तात काही नाही एवढं लिहून द्या, डॉक्टरसाहेब. म्हणजे मी जाते."

पोर म्हणजे ट्रीना, नऊ वर्षांची, दहा दिवस तापात. टायफॉईड निघाला तर तिला गावाबाहेरच्या बराकीत नेणार आणि मायझरांच्या तीन गाईंचा रतीब बंद होणार. बराकीत गेलेली दोन मुलं गेल्या हिवाळ्यात परत आली नव्हती. निकाल लागेपर्यंत मात्र दूध चालू होतं, कारण कागदावर शिक्का नव्हता, आणि शिक्क्याशिवाय आमच्याकडे गायसुद्धा थांबत नाही.

डॉक्टर टीलेन यांनी तिला बसा म्हटलं नाही. माणूस वाईट नव्हता, पण हातात नळी आली की समोरचं माणूस त्यांना दिसेनासं व्हायचं. उबेच्या कपाटातून त्यांनी एक काचेची नळी काढली आणि खिडकीकडे धरली. आत हिरवट, गढूळ पाणी होतं.

"हे काय?" आपोलोनियाने विचारलं.

"बैलाचं पित्त. माथेस खाटीकखान्यातून आणतो."

"पित्ताची पिशवी फुटली तर खाटीक आईबाप काढतो. सगळं मांस कडू होतं. आणि तुम्ही त्यात रक्त घालता?"

"नुसतं ठेवलं तर रक्त गोठतं. पित्तात गोठत नाही. शिवाय इतर बरेच जंतू पित्तात तग धरत नाहीत. आतड्यातला हा मात्र त्यात माजतो."

"कडू खाऊन कोण माजतं?"

"माझी सासू," माथेस म्हणाला.

आपोलोनिया हसली. भीती नसलेलं माणूस हसतं तसं. मग तिला त्या नळीची गोडीच लागली. पुढे होऊन तिने आत निरखून पाहिलं, बुचाच्या कापसाचा वास घेऊ लागली, तेव्हा डॉक्टरांनी नळी मागे ओढली.

"म्हणजे हे विरजणच की," ती म्हणाली. "उबेत ठेवायचं, रात्रभर हलवायचं नाही."

"अगदी तेच. फक्त दुधाऐवजी पित्त. आणि रक्तात विरजण असेल तरच लागतं."

"मग, नाही ना लागलं?"

"लागलं, बाई."

"शक्यच नाही."

ती रडली असती, हातापाया पडली असती, तर डॉक्टरांना सवय होती. पण ही बाई त्यांच्या नळीला खोटं म्हणत होती, आणि ते त्यांना झोंबलं. तिला हाताला धरूनच त्यांनी सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं.

"हे त्या नळीतलेच जंतू, वाढवलेले. काय दिसतंय?"

"बारीक काड्या. पळताहेत."

"आता बघत रहा. टायफॉईडमधून उठलेल्या माणसाच्या रक्तातलं पाणी टाकतो." त्यांनी थेंब सोडला. "आता?"

बाहेर कोळशाची गाडी गेली, खिडकीची तावदानं थरथरली.

"थांबल्या," ती म्हणाली. "एकमेकींना चिकटून बसल्यात."

"दुसऱ्या जंतूंचे असे गोळे होत नाहीत. चार वेळा करून पाहिलंय मी. नळी खोटं बोलत नाही."

आपोलोनियाने डोळा भिंगावरून हलवला नाही. "हे अंगात असताना माणूस चालतं-फिरतं, डॉक्टरसाहेब? गाई पिळतं?"

"सुरुवातीला कोणी कोणी फिरतं. डोकं जड, थोडी कणकण, बस. पण तुमची ट्रीना तर झोपूनच आहे."

"ते ट्रीनाचं नाही."

तिने रुमाल मागे सारला. डाव्या कानाच्या पाळीला बारीकशी काळी खपली होती.

"तुमची सिस्टर ट्रीनाच्या कानातून रक्त घ्यायला सुई आणि नळी घेऊन आली. मी म्हटलं, पोर आत्ता कुठे झोपलीय, उठली की मीच टोचते. तिला अजून आठ घरं करायची होती, ठेवून गेली बिचारी. मग टोचली माझ्याच कानाला. मनात म्हटलं, धडधाकट माणसाचं रक्त दिलं की सुटलो."

डॉक्टरांनी नळीवरची चिठ्ठी वाचली. स्वतःच्याच अक्षरात लिहिलेलं होतं: ट्रीना मायझर, वय नऊ.

"तिचं रक्त मी आत्ता स्वतः येऊन घेतो," ते हळू आवाजात म्हणाले. "आणि बराकीची गाडी दोघींसाठी सांगावी लागेल. निजायला हवं तुम्ही. कधीपासून दुखतंय डोकं?"

"सोमवारपासून."

बराकीत मायलेकी एकत्र राहतील का, हे तिने विचारलं नाही. आपण वाचू का, तेही नाही.

"कागद घ्या, डॉक्टरसाहेब," ती म्हणाली. "सोमवारपासून दूध मीच काढलंय, घरोघर मीच घातलंय. ती घरं लिहा. शाळेसमोरचं डोर यांचं घर. दोन मुलं. धाकटं अजून बाटलीवर आहे."