पायाचे टाके

त्या पत्राला दिगंबररावांनी उत्तर दिलं नव्हतं. पत्र येऊन दोन महिने झाले होते. आर्मेनियन चर्चच्या तळघरातल्या त्या गर्दीत, गार होत चाललेली कॉफी हातात धरून उभे असताना, त्यांना ते अक्षर न् अक्षर आठवत होतं.

"तुमची पद्मिनी जूनमध्ये माझ्या मुलाची, आराची बायको होईल," होणाऱ्या विहीणबाईंनी बॉस्टनजवळच्या आपल्या घरून साध्या इंग्रजीत लिहिलं होतं. "आम्ही मूळचे तुर्कस्तानातल्या मराश गावचे आर्मेनियन. आमच्या घरात नवरी आईच्या हातचं भरतकाम घेऊन येते. तिची आई नाही, हे मला ठाऊक आहे. पण त्यांच्या हातचं काही उरलं असेल, तर पाठवाल का?"

उरलं होतं. एकच. तांबड्या कापडाचा चौकोन, आणि तोही अर्धवट. शेजारच्या कच्छी बाईंकडून त्यांची बायको नीला तो टाका शिकली होती. आधी आडवेतिडवे पायाचे टाके घालायचे. मग दुसरा धागा कापडाला न टोचता त्या जाळीतून वरून, खालून, वरून, खालून विणत न्यायचा. नीलाचा पाया घालून झाला होता. विणायला ती नुकती लागली होती. ती गेल्यापासून सहा वर्षं सुई तशीच अडकून होती.

असलं कापड परक्यांच्या घरी पाठवायचं? मुलीची मान खाली जायची. आणि काहीच नाही असं कळवायचं, तर ते खोटं. चाळीस वर्षं पुण्यातल्या छापखान्यात प्रुफं तपासत त्यांनी दुसऱ्यांच्या चुका काढल्या होत्या. स्वतःची ओळ लिहायची म्हटलं की पहिल्याच शब्दात चूक दिसे. अकरा मसुदे फाडून झाले होते. गेल्या रविवारी पद्मिनीने फोनवर विचारलं होतं, "बाबा, खरं सांगा, तुम्हाला हे लग्न नकोय का?" "तसं नाही गं," एवढंच म्हणून त्यांनी फोन सुनेच्या हातात दिला होता.

म्हणूनच त्यांची सून दीपा त्यांना आज जर्सी सिटीहून ड्राइव्ह करून या चर्चच्या बाजारात घेऊन आली होती. "बाबा, त्यांची माणसं एकदा बघून तर घ्या. कोणी खात नाही तुम्हाला. उलट खायला घालतात."

चांदीच्या बांगड्या, डाळिंबं कोरलेले लाकडी डबे, लेसचे रुमाल. दिगंबरराव खाली मान घालून पुढे सरकत होते. शेवटच्या टेबलावर पाटी होती: झाबेल, मराशचं भरतकाम. मराशचं नाव वाचून त्यांनी मान वर केली.

काळ्या मखमलीवर नीलाचा टाका होता.

तेच जाळं. तेच चौक एकमेकांत अडकलेले. इतकी पुस्तकं ओळीन् ओळ तपासली, पण हे कुठल्याच पानावर नव्हतं. टेबलामागे काळ्या कपड्यांतल्या म्हाताऱ्या झाबेलबाई विणत होत्या. दिगंबरराव बघत राहिले. किती वेळ, ते त्यांना कळलं नाही.

"माफ करा," ते म्हणाले. आपण बोललो याचं त्यांनाच आश्चर्य वाटलं. "इथे धागा वरून गेलाय. खालून जायला हवा होता."

"बाबा!" दीपा पुटपुटली.

"सत्तर वर्षं करतेय मी हे," झाबेलबाई म्हणाल्या. तरी त्यांनी कापड डोळ्यांशी नेलं. नखाने धागा तपासत गेल्या आणि थांबल्या. मग दोन टाके मागे काढले.

"मराशमध्ये कुठल्या गल्लीतले तुम्ही?"

"मी पुण्याचा. भारतातला."

"थापा मारू नका. हे माझ्या पोटच्या मुलींना दिसत नाही."

"माझी बायको विणायची. मी शेजारी बसून पुस्तक वाचून दाखवायचो. शेवटी तिला नीट दिसेना, तेव्हा चुकलेला टाका मी सांगायचो."

झाबेलबाईंनी सुई खाली ठेवली. "१९१५ साली तुर्कांनी आम्हाला गावातून हाकललं तेव्हा मी नऊ वर्षांची होते. माझी आई वाटेतच गेली. मला वाटायचं, आम्ही चार म्हाताऱ्या मेलो की हे संपलं." त्यांनी हळूच छातीवर क्रूसाची खूण केली. "म्हणजे तिकडेही आहे."

मग दिगंबररावांनी कसंबसं विचारलं, "पाया एकीने घातला आणि ती गेली, तर पुढे दुसरीने विणलं तर चालतं?"

"चालतं?" झाबेलबाई हसल्या. "मी शिकलेच तशी. पाया आईने घातला, आणि विणायला मला बसवलं."

घरी येताच दिगंबरराव टेबलाशी बसले. या वेळी मसुदा केला नाही. तांबडा चौकोन सुईसकट पातळ कागदात गुंडाळला आणि विहीणबाईंना इंग्रजीत लिहिलं:

"माझ्या पत्नीच्या हातचं हे पाठवत आहे. पाया तिने घातला आहे. विणायचं पद्मिनीला तुम्ही शिकवा."

सहीपाशी हात थांबला. त्या नात्याला इंग्रजीत शब्द सापडेना. मग त्यांनी आपल्या सुवाच्य देवनागरीत लिहिलं, 'आपला व्याही'. पद्मिनी वाचून दाखवील.

सोमवारी पोस्ट उघडायच्या आधीच ते दारात उभे होते. पुडकं खिडकीतून आत गेलं, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं: पत्र त्यांनी पुन्हा एकदाही वाचून पाहिलं नव्हतं.