उरलेलं प्रवचन

“…आणि माझ्या वडिलांनी सीमेपलीकडच्या पहिल्याच घराचं दार वाजवलं. कडेवर मी, मागे गोळीबार. आतून एका बाईने विचारलं, ‘कोण?’ ” एवढं सांगून बाईंनी चष्मा काढला. “उरलेलं प्रवचन दुपारी.”

क्षणभर कुणाला काही कळलंच नाही. मग चर्चभर कुजबुज सुरू झाली.

बाई पाळकांच्या, म्हणजे चर्चचे धर्मगुरू घडवणाऱ्या, कॉलेजात ईश्वरविज्ञान शिकवायच्या. ‘आधी देश’ या विषयावर बोलायला या चर्चच्या मंडळीच्या अध्यक्षांनी त्यांना मुद्दाम बोलावलं होतं. सीमेपलीकडून कामाला आलेल्या लोकांनी यापुढे सकाळी यायचं नाही, त्यांची उपासना दुपारी वेगळी, असं अध्यक्षांच्या कमिटीने नुकतंच ठरवलं होतं.

अध्यक्ष लगबगीने पुढे आले. “बाई, दुपारची उपासना त्यांची असते.”

“माहीत आहे. देवाच्या घरात तुम्ही पाळ्या लावल्यात, तर मलाही दोन पाळ्यांत बोलावं लागणार.”

“निदान दार उघडलं की नाही, तेवढं तरी सांगा.”

“दुपारी या,” बाई म्हणाल्या आणि इतक्या मनापासून हसल्या, की अध्यक्षांचं रागवायचं राहूनच गेलं.

दुपारी चर्चमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. सकाळची मंडळी जेवणं उरकून झाडून सगळी आली होती. अध्यक्षांची बायको तर पहिल्या बाकावर. दुपारचे लोक आधी बावरले, मग दाटीवाटीने बसले. कुणाचं पोर कुणाच्या मांडीवर, याचा हिशेब राहिला नाही. गाणं सुरू झालं. चाल एकच, शब्द दोन भाषांतले. कुणीच माघार घेईना, आवाज चढत गेला आणि शेवटच्या कडव्याला पेटीवाला हसत सुटला.

अध्यक्ष सगळ्यांत शेवटी आले आणि मागच्या बाकाला टेकून उभे राहिले. बाकाच्या टोकाला एक गवंडी बसला होता, धुतलेला सदरा घालून.

बाई उभ्या राहिल्या. “सकाळी ज्यांनी ऐकलंय, त्यांनी शेजारच्याला आधीचं सांगा. मग मी पुढचं सांगते.”

एकदम गलका उठला. गवंड्याने मान वर करून अध्यक्षांकडे पाहिलं.

अध्यक्ष खाकरले. “या बाईंचे वडील लढाईत घरदार सोडून पळाले. लहान पोरीला घेऊन.”

“कुठे?”

“सीमेपलीकडे.” ते जरा अडखळले. “म्हणजे, तुमच्याकडे. रात्री एका घराचं दार वाजवलं.”

“मग? आमच्या लोकांनी उघडलं ना?”

अध्यक्षांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. माणूस खरोखरच काळजीत पडला होता.

“तेच ऐकायला आलोय,” ते म्हणाले. “जरा सरका.”