लीनानच्या वाटेवरचं घर

फिंटनने सहलीची बस लीनान गावाच्या वाटेवर एका वळणावरच्या मोकळ्या जागेत घेतली, इंजिन बंद केलं आणि माइक तोंडाशी धरला. डावीकडे ते छप्पर नसलेलं घर बघा, तो म्हणाला. पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या मोठ्या दुष्काळातलं आहे. बटाट्याचं पीक लागोपाठ कुजलं, तेव्हा या घरात आठ माणसं होती. चार तापाने आणि उपासमारीने गेली, चार त्याच आठवड्यात जहाजावर चढली. तेव्हापासून हे घर असंच रिकामं आहे. फोटो काढायला दहा मिनिटं.

डेलिया डावीकडच्या खिडकीशी बसली होती. ही जागा मिळावी म्हणून ती सकाळी वेस्टपोर्टच्या हॉटेलातून सगळ्यांच्या आधी बसपाशी येऊन उभी राहिली होती.

घर तिचं होतं. ती तिथेच जन्मली होती आणि अठराव्या वर्षी पुठ्ठ्याची सुटकेस घेऊन याच वळणावरून समुद्रापार कॉव्हेंट्रीला गेली होती. आईवडील गेल्यावर तिचा धाकटा भाऊ मार्टिन तिथे एकटा राहिला, पुढची वीस वर्षं.

बसमध्ये हे कोणाला ठाऊक नव्हतं. पहिल्या दिवशी डब्लिनला पुढच्या सीटवरच्या ग्लेनिसने तुम्ही कुठल्या म्हणून विचारलं, तेव्हा तिने कॉव्हेंट्री सांगितलं, आणि ते काही खोटं नव्हतं. साठ वर्षांत तिचं बोलणंही तिकडचंच झालं होतं. एकटीने गावात यायचं तर कोणाच्या तरी दारात उभं राहावं लागलं असतं, आणि दार उघडणाऱ्याने आधी मार्टिनचीच गोष्ट काढली असती. सहलीच्या बसला कोणाचं दार वाजवावं लागत नाही.

सगळे उतरून आत शिरले, तेव्हा तीही मागोमाग गेली. चुलीच्या जागी नेटल्सच्या खाजऱ्या झुडपांचं रान माजलं होतं आणि जमिनीवर मेंढ्यांच्या लेंड्या होत्या. ग्लेनिसचा नवरा रोनल्ड भिंती न्याहाळत होता. दाराजवळ त्याला एक तपकिरी गोल बटण दिसलं. दुष्काळात यांच्याकडे वीज होती वाटतं, असं म्हणून त्याने ते दोनदा खटखट दाबलं. लोक हसले. नंतर कोणी मेंढपाळ राहिला असेल, असं फिंटनने सांगितलं आणि विषय संपला.

वीज आली त्या वर्षीचं पत्र डेलियाला पाठ होतं. मार्टिन दर नाताळाला एकच पत्र लिहायचा, त्यात गुरांचं, पावसाचं आणि शेवटी, उन्हाळ्यात येशील का. त्या वर्षी त्याने लिहिलं होतं, "दिवा लागला. आता घरात कोणी नाही हे नीट दिसतं." तिने पत्राला उत्तर पाठवलं होतं. त्या वाक्याला नव्हतं. पुढच्या वर्षी नक्की येते, एवढं दरवेळी लिहायची. मग एका फेब्रुवारीत गावच्या चर्चच्या फादरांचं पत्र आलं. मार्टिन गेला त्याच्या चौथ्या दिवशी पोस्टमनने दार ढकललं होतं आणि माती देऊनही झाली होती.

"तुमचा एकही फोटो नाही या सहलीत," ग्लेनिस म्हणाली. तिने डेलियाला दारात उभं केलं आणि फोन वर धरला. "हसू मात्र नका हां. जागा तशी नाही."

डेलिया हसली नाही. न बघता तिचा हात चौकटीवरच्या, घरच्यांच्या हातांनी झिजून खोलगट झालेल्या जागी गेला आणि तिथेच राहिला.

हळूहळू सगळे बसकडे वळले. माणसं मोजताना एक कमी भरलं, म्हणून फिंटन परत आला. ती आत, भिंतीकडे तोंड करून उभी होती. जमीन उंचसखल आहे बाई, जपून, असं म्हणत त्याने हात पुढे केला.

"इथे पलंग होता," ती म्हणाली. "चौऱ्याण्णव सालापर्यंत. माझा भाऊ त्याच्यावरच गेला."

फिंटनला क्षणभर काही कळलं नाही. मग कळलं आणि त्याचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. त्याने टोपी काढली. तो इकडचा नव्हता, दूरच्या ऑफलीचा होता, या रस्त्यावर तिसरंच वर्ष. आधीच्या ड्रायव्हरने जे सांगितलं तेच आपण सांगत आलो, कोणाला विचारलं नाही, असं तो चाचरत म्हणाला. रोनल्डने बटण दाबलं तेव्हा तरी आपण गप्प बसायला हवं होतं, असंही.

"सोमवारी पुढची बस आणतोय मी," तो म्हणाला. "त्यांना खरं सांगेन. भावाचं नाव सांगा तुमच्या. काय सांगायचं तेही सांगा."

बाहेर बसमध्ये लोक सँडविच उघडून बसले होते. कोणीतरी काचेवर टकटक करून या दोघांना बोलावत होतं. नाव डेलियाच्या ओठांपर्यंत आलं होतं. नाव सांगितलं की मागोमाग पोस्टमन येणार, चार दिवस येणार, आणि मग चाळीस अनोळखी माणसं विचारणार की याचं कोणीच नव्हतं का.

"नको," ती म्हणाली. "तुमचंच राहू दे."

"पण ते खोटं आहे ना."

"असू दे," डेलिया म्हणाली. "तुमच्या गोष्टीत सगळे एका आठवड्यात गेले. मागे कोणी राहिलं नाही."